सत्यभामा मढवी व इतर

महाप्याच्या जुन्या गावात सत्यभामाचं घर विचारलं की लोक आधी उलट विचारायचे, "कुठली सत्यभामा? केसवाली?" आणि मग देवळामागचं निळ्या दाराचं घर दाखवायचे. केस म्हणजे कोर्टातली. सहा वर्षं चालली. ठाण्याच्या कोर्टात पट्टेवाला दारात येऊन आरोळी ठोकायचा, "सत्यभामा पोपट मढवी व इतर हाजिर?" आणि बाकावरून सत्यभामा पदर सावरत उठायची. इतर म्हणजे गावातली दोनशे बारा घरं. त्यातलं एखादं माणूस सोबत असायचं, पुष्कळदा तेही नसायचं.

कोर्टाची पायरी चढायच्या आधी ती भाजी विकायची. जमीन सिडकोत गेल्यावर उरलेल्या चार गुंठ्यांत माठ, मुळा, गवार काढायची आणि डोक्यावर पाटी घेऊन कोपरखैरण्याच्या नव्या बिल्डिंगींत फिरायची. नवरा, पोपट, खाणीवर डंपर चालवायचा. त्यांना एकच पोर, जाई. उशिरा झालेली, म्हणून दोघांच्या जिवाची. ही पोरगी शाळेतून आली की हमरस्त्याच्या कडेला उभी राहायची. न्हावा शेव्याकडे जाणारे ट्रक धडधडत जायचे आणि जाई नंबर वाचून राज्य सांगायची. "आई, ह्यो बग, हरयाना! येवढ्या लांबून आलाय!" कधी एखादा ड्रायव्हर तिला हात करायचा. मग घरी येऊन ती दिवसभर तेच सांगत बसायची.

गावाला नळ नव्हता. कारखान्यांना पाणी नेणारा माणूसभर उंचीचा पाइप गावाच्या कडेनं जात होता, पण त्याला गावासाठी साधी तोटी नव्हती. गाव प्यायचं ते विहिरीचं पाणी. पिढ्यान्‌पिढ्यांची पायऱ्यांची विहीर, उन्हाळ्यातही न आटणारी. अठ्ठ्याऐंशी साली त्या विहिरीच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, रंग बनवणारी एक कंपनी उभी राहिली. मागच्या भिंतीतून तिचा नाला निघायचा. सोमवारी जांभळा, गुरुवारी पिवळा. बायका हसायच्या, म्हणायच्या, आपला नाला रोज नवं लुगडं नेसतो. वर्षभरानं विहिरीच्या पाण्याला कडवट चव आली आणि हसणं थांबलं. शेजारची शेवंताबाई, साठीची, तोंडानं फटकळ, तिनं सगळ्यांत आधी सांगितलं, "ह्या पान्यात डाल शिजंना." डाळ शिजत नव्हती, भांड्यांना पांढरा थर धरत होता, पोरांच्या अंगावर चट्टे उठत होते. गावचा वामन जुना पंच, लिहितावाचता. त्यानं चार कचेऱ्यांत अर्ज दिले. दोनदा माणसं आली, बाटलीत पाणी भरून घेऊन गेली. ती बाटली कुठं गेली, कुणास ठाऊक.

नव्वद सालच्या श्रावणात एका सोमवारी जाईला उलट्या सुरू झाल्या. तेव्हा गावात कुणाचं ना कुणाचं पोट बिघडलेलंच असायचं. सत्यभामानं पेज दिली, ओवा दिला. बुधवारी पोरीचं तोंड सुजलेलं दिसलं, तेव्हा ती तिला भगताकडे घेऊन गेली. त्यानं अंगारा दिला. गुरुवारी पोरीला लघवीच होईना. संध्याकाळी पोपट खाणीवरून आला, तेव्हा सत्यभामा त्याला म्हणाली, "उद्या डंपर घेऊन या. पोरीला ठान्याला नेऊ."

"शेट डंपर देनार नाय," पोपट म्हणाला. "सुट्टी मागितली तर हाकलंल. रविवारी बगू."

रविवारी शेठनं जादा फेऱ्या लावल्या. मंगळवारी, म्हणजे नवव्या दिवशी, पोपटनं कुणालाही न विचारता डंपर काढला. पुढच्या सीटवर सत्यभामा, तिच्या मांडीवर जाई. मोठ्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरानं पोरीचे पाय दाबून पाहिले, डोळे पाहिले आणि म्हणाला, "किडन्या काम करत नाहीत हिच्या. चार दिवस आधी आणलं असतंत तर काहीतरी करता आलं असतं. पाणी कुठलं पिता तुम्ही?"

शुक्रवारी सकाळी जाई गेली. अकरा वर्षांची होती.

दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं, मूत्रपिंड निकामी. कशानं, ते लिहिलं नव्हतं. डॉक्टरानं उभ्या उभ्या विचारलेला तो पाण्याचा प्रश्न सत्यभामाच्या मनात घर करून राहिला. पोपटच्या मनात राहिलं ते आधीचं वाक्य. तेराव्याला पाहुणे पानावर बसले होते, आणि त्या सगळ्यांसमोर तो ताडकन उठून म्हणाला, "आठ दिस तू घरात व्हतीस. काय बगत व्हतीस तू?"

सत्यभामानं वाढायची कढई खाली ठेवली. गुरुवारचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण पोरीच्या तेराव्याला नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडावं, हे तिच्यानं झालं नाही. पोपट पुन्हा कधी तसं बोलला नाही. खरं तर त्यानंतर तो फारसं बोललाच नाही. घरात दोन माणसं होती आणि चमचा पडला तरी दचकायला व्हायचं.

तळोज्याचे तौहीद मुकादम तेव्हा तरुण वकील होते. तुर्भ्याला एका हार्डवेअरच्या दुकानावर त्यांची खोली होती. गावातल्या काहीजणांच्या जमिनींची कामं ते बघायचे, म्हणून वामन त्यांना ओळखायचा. त्याच्या सोबतीनं सत्यभामा त्यांच्याकडे गेली आणि दवाखान्याचा कागद टेबलावर ठेवून म्हणाली, "वकीलसाएब, माजी पोर पान्यानं गेली का माज्या हयगयीनं, त्येवढा कोर्टाकडून लिहून पायजे."

मुकादमांनी कागद दोनदा वाचला. मग चहा सांगितला.

"ताई, खरं सांगू का? तुम्ही एकट्या गेलात तर टिकणार नाही. कंपनीचा वकील म्हणेल, एका पोरीच्या किडन्या गेल्या, शंभर कारणं असतील. तुमच्याकडे ना पैसा, ना लॅबचा रिपोर्ट. पण ह्या एकाच विहिरीचं पाणी किती घरं पितात?"

"सगला गाव," वामन म्हणाला. "दोनशे बारा उंबरे."

"मग दोनशे बारा घरांचं दुखणं एकच आहे ना? कायद्यात त्याला वाट आहे. प्रातिनिधिक दावा म्हणतात. सगळ्यांच्या वतीनं एकानं उभं राहायचं. वकील एक, पुरावा एक, खर्च एकदाच. एका घराचा आवाज कुणी ऐकत नाही, गावाचा ऐकावा लागतो. निकाल लागला की तो सगळ्यांना लागू. जे कोर्टाचं तोंडही बघणार नाहीत, त्यांनाही." मग थोडं थांबून ते म्हणाले, "हरलो तरी सगळ्यांनाच लागू. नंतर कुणी म्हणेल, मी वेगळा दावा लावतो, तर नाही लावता येणार. हे आत्ताच सांगून ठेवतो."

नाव कुणाचं लावायचं, इथं घोडं अडलं. वामनचा भाऊ त्याच कंपनीत वॉचमन होता. कुणाचा मुलगा कंत्राटावर, कुणाची सून पॅकिंगला. देवळापुढं बैठक झाली, तेव्हा जो तो दुसऱ्याकडे बघू लागला.

"माजा लावा," सत्यभामा म्हणाली. "माजा आता कोन काय घेनार?"

मुकादमांनी तिला बाजूला घेऊन पुन्हा विचारलं. "ताई, ज्याचं नाव, त्याला पिंजऱ्यात उभं राहावं लागतं. समोरचा वकील वाट्टेल ते विचारेल. आणि नाव लागलं की तुम्ही एकट्या तुमच्या राहत नाही. जे कराल ते सगळ्यांचं भलं बघून करावं लागेल."

"इचारू दे," ती म्हणाली. दुसऱ्या गोष्टीकडे तिनं तेव्हा फारसं लक्ष दिलं नाही.

एक्क्याण्णव साली दावा दाखल झाला. आधी कोर्टाची परवानगी लागली, की ही बाई खरंच सगळ्यांच्या वतीनं बोलू शकते. मग पेपरात जाहीर नोटीस आली. वामननं ती देवळापुढं मोठ्यानं वाचली. ज्या कोणाला ह्या दाव्यात स्वतः सामील व्हायचं असेल, किंवा ज्याची हरकत असेल, त्यानं अमुक तारखेला हजर राहावं. आपलं नाव छापून आलेलं सत्यभामानं पहिल्यांदाच पाहिलं. वाचता येत नव्हतं, म्हणून वामननं बोट ठेवून दाखवलं. तिनं तो पेपर घरी आणला, जाईच्या दप्तरात घालून ठेवला. पोपटनं ते पाहिलं आणि तो बाहेर जाऊन बसला.

मग सुरू झाल्या तारखा. न्यायाधीश रजेवर. कंपनीचे वकील आजारी. कागद मिळाले नाहीत. न्यायाधीशांची बदली. नवे आले, त्यांनी पहिल्यापासून वाचायला घेतलं. तारीख असली की सत्यभामाची त्या दिवसाची भाजी बुडायची. हळूहळू बिल्डिंगींतल्या बायकांनी दुसरी भाजीवाली धरली. पहिल्या वर्षी गावातून दहा-बाराजण सोबत यायचे, तिसऱ्या वर्षी शेवंताबाई तेवढी राहिली. ती कोर्टाच्या आवारात बसून तंबाखू मळायची आणि काळ्या कोटातलं कुणी गेलं की मोठ्यानं विचारायची, "ह्यो आपला का त्यांचा?"

साक्ष झाली ती पंच्याण्णव साली, फेब्रुवारीत. त्या दिवशी पोपट न सांगता आला आणि मागच्या बाकावर बसला. कंपनीचा वकील वयानं मोठा, आवाज मऊ. त्यानं एकदाही आवाज चढवला नाही.

"बाई, मुलीला पहिली उलटी कधी झाली?"

"सोमवारी."

"दवाखान्यात कधी नेलंत?"

"मंगलवारी."

"म्हणजे दुसऱ्याच दिवशी?"

"नाय." सत्यभामानं कठडा धरला. "त्याच्या फुडच्या मंगलवारी."

"मधे आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत कुणाला दाखवलंत?"

"भगताला."

न्यायाधीशांनी ते टायपिस्टला सांगितलं. टाइपरायटर खडखडला.

"तोंड सुजलं होतं, लघवी बंद होती, आणि तुम्ही भगताचा अंगारा लावत होता. मुलीच्या वडिलांना सांगितलं नाहीत? त्यांच्याकडे तर डंपर होता."

मागच्या बाकावर पोपट होता. सत्यभामानं तिकडे मान वळवली नाही. गुरुवारची संध्याकाळ, दारात काढलेले त्याचे धुळीचे बूट, "रविवारी बगू" हे शब्द, सगळं तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. सांगितलं असतं तर त्या आठ दिवसांचं ओझं निम्मं तरी उतरलं असतं.

"ते खानीवर व्हते," ती म्हणाली. "त्यांना म्हाईत नव्हता."

"म्हणजे निर्णय सगळा तुमचा."

"व्हय. माजा."

टाइपरायटर पुन्हा खडखडला. कोर्टाच्या कागदावर ते कायमचं उमटलं. बाहेर आल्यावर शेवंताबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या वकिलाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पोपट तोवर निघून गेला होता.

कोर्टानं नेमलेला माणूस विहिरीचं पाणी तपासून गेला होता. त्याचा अहवाल त्याच वर्षी आला. पाण्यात कंपनीची रसायनं सापडली. पण मधल्या काळात कंपनीनं नाल्यावर टाकी बांधली होती आणि पाणी आधीपेक्षा सुधारलं होतं. नव्वद साली विष किती होतं, हे आता सांगता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. नव्वद सालच्या त्या बाटल्या, ज्या कचेरीची माणसं भरून घेऊन गेली होती, त्या शोधूनही सापडल्या नाहीत.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात मुकादमांनी निरोप पाठवला. सत्यभामा गेली, सोबत वामन. मुकादमांचे केस आता पिकायला लागले होते.

"ताई, कंपनीनं तडजोड मागितली आहे. गावात घरोघरी नळ, स्वखर्चानं. दवाखाना, दहा वर्षं डॉक्टर आणि औषधं फुकट. विहीर बुजवून द्यायची. दर घराला काही रक्कम, सगळ्यांना सारखी."

वामनचे डोळे चमकले. "अजून काय पायजे!"

"आनि?" सत्यभामानं विचारलं.

मुकादमांनी टेबलावरचा कागद उगीच सरळ केला. "आणि शेवटचं कलम असं, की कंपनी कुठलाही दोष कबूल करत नाही. आजार, मृत्यू, कशाचाच नाही. ह्या विहिरीवरून कुणाचाही कसलाही दावा ह्यापुढं राहणार नाही."

"जाईचा?"

"जाईचाही नाही."

सत्यभामानं टेबलावरचा तो कागद आपल्याकडे ओढला.

"एक ओल लिवा त्याच्यात," सत्यभामा म्हणाली. "ह्या पान्यानं माजी जाई गेली. बस. मना पैसं नको, कायच नको. बाकी सगला हाय तसा ऱ्हाऊ द्या."

"मी तेच मागितलं, ताई. तुम्ही सांगायच्या आधीच मागितलं. ते म्हणाले, ती एक ओळ आली तर बाकीचं सगळं मागे. मग म्हटलं, जाईचा दावा तेवढा वेगळा ठेवा, आम्ही तो लढू. तेही नाही. सगळं मिटणार असेल तरच ते देणार."

"आनि नाय घेतला तर?"

"तर निकालापर्यंत लढायचं. अजून दोन-तीन वर्षं. मग वरच्या कोर्टात अपील. अहवाल तुम्ही ऐकलात. जिंकू असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. हरलो तर नळही नाही, दवाखानाही नाही, दोनशे बारा घरांपैकी कुणालाच." त्यांनी चष्मा काढला. "सही तुमची लागते. तुम्ही नाही म्हणालात तर गावातले लोक कोर्टाला सांगू शकतात, की आमचा प्रतिनिधी बदला. पण मी कुणाला तसं शिकवणार नाही."

परत येताना बसमध्ये वामन सारखा समजावत होता. तो वाईट माणूस नव्हता. त्याची नातवंडं तेच पाणी पीत होती.

पुढचे आठ दिवस गावात कुणी कुणाशी सरळ बोललं नाही. बायका सत्यभामाला वाट द्यायच्या, तिच्या हातचा हंडा घ्यायच्या, पण तोंडानं काही म्हणायच्या नाहीत. नवव्या दिवशी ती शेवंताबाईकडे गेली. शेवंताबाई ओटीवर बसून नातीच्या पायाला खोबरेल लावत होती. चार वर्षांची पोर. पायांवर खपल्या होत्या आणि बोट लागलं की ती आजीचा हात ढकलून द्यायची.

"मावशी, तू काय म्हनतीस?"

"मी कशाला काय म्हनू?" शेवंताबाई वर न बघता म्हणाली. "पोर तुजी गेली. तू नको म्हन, मी तुज्या मागं हाय. हिचा जो व्हयल तो व्हयल."

तिनं दुसरं काही म्हटलं असतं, भांडली असती, पदर पसरला असता, तर सत्यभामाला नाही म्हणणं सोपं गेलं असतं. ती पोरीच्या पायाकडे बघत राहिली. पोरीनं तिला पाहून पाय झग्याखाली लपवला.

दुसऱ्या दिवशी सत्यभामा तुर्भ्याला गेली आणि अंगठा देऊन आली.

असल्या दाव्यातली तडजोड गुपचूप होत नाही. पुन्हा पेपरात नोटीस आली, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. कुणाचीच हरकत आली नाही. ऑगस्टमध्ये कोर्टानं मंजुरीसाठी तारीख ठेवली. त्या दिवशी गावातून दोन टेम्पो भरून माणसं आली होती, कोर्टाच्या खोलीत मावत नव्हती. न्यायाधीशांनी एकेक कलम वाचून घेतलं, मग सत्यभामाला पुढं बोलावलं.

"बाई, हे सगळं तुम्हाला समजावून सांगितलंय? कुणाचा दबाव नाही?"

"नाय."

"सगळ्या गावाच्या हिताचं आहे, असं तुम्हाला वाटतं?"

"व्हय."

"आणखी काही सांगायचंय?"

मुकादम तिच्याकडे बघत होते. तिनं दोन्ही हात जोडले.

"सांगायचा नाय, साएब. इचारायचा हाय. माजी जाई त्या पान्यानंच गेली का?"

न्यायाधीश म्हातारे नव्हते, पण त्या क्षणी तसे दिसले. "बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "तो प्रश्न आता ह्या कोर्टापुढं राहिलेला नाही. तडजोड झाली. त्यावर निकाल देण्याचा मला अधिकार नाही."

"मंग कोनाला हाय?"

न्यायाधीशांनी कागदावर सही केली आणि पट्टेवाल्यानं पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

बाहेर गाववाल्यांनी वामनला हार घातला, मुकादमांना घातला. सत्यभामाला शोधेपर्यंत ती आवाराच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. तिथं झाडाखाली टायपिस्टांची टेबलं होती. पोपट त्यातल्या एका रिकाम्या टेबलाला टेकून उभा होता. तो आत आलाच नव्हता.

"काय बोलला कोर्ट?" त्यानं विचारलं.

"कायच नाय बोलला."

"पान्याचा नाय बोलला?"

"पान्याचा नाय. माजाबी नाय."

पोपट खाली बसला. उकिडवा, गुडघ्यांवर कोपरं. "म्हंजे आता कदीच कलनार नाय," तो म्हणाला.

ती बघत राहिली. सात वर्षं तिला वाटत होतं की कोर्टाचा कागद आणून ह्या माणसापुढं टाकावा, आणि तो कागद त्याला सांगेल की तुझी बायको चुकली नाही. तोही त्याच कागदाची वाट बघत होता, हे तिच्या आज लक्षात आलं.

"गुरवारी तू मना सांगितला व्हतास," पोपट म्हणाला. "मी नाय आनला डंपर. कोर्टात तू खोटा बोललीस माज्यासाठी. मी मागं बसून आयकलं. उठून सांगावा म्हटला, पाय उठंनात." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "पानी असता ना, तर दोगंबी सुटलो असतो."

तेराव्यापासून जे ऐकण्यासाठी तिचे कान आसुसले होते, ते त्यानं आज सांगितलं होतं. तिला वाटलं होतं, त्या दिवशी छातीवरचा दगड उतरेल. तसं काही झालं नाही. आपला दोष होता तेवढाच राहिला आणि त्याच्या शेजारी पोपटचाही येऊन बसला, एवढंच झालं. नवरा रडत होता आणि त्याला धीर देण्यासारखं खरं असं एक वाक्य तिच्याजवळ नव्हतं. ती त्याच्याजवळ धुळीत बसली. गाववाले टेम्पोतून हाका मारत होते. शेवटी शेवंताबाईनंच त्यांना खडसावलं आणि टेम्पो पुढं काढायला लावला.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीआधी गावात नळ आले. दवाखानाही झाला. दोन खोल्यांचा, पत्र्याचा, डॉक्टर आठवड्यातून तीनदा यायचा. शेवंताबाईच्या नातीचे पाय वर्षभरात बरे झाले आणि ती शाळेत जायला लागली. विहीर खाणीच्या दगडांनी बुजवली. ते काम पोपटच्या शेठला मिळालं, पण पोपट आठ दिवस कामावर गेला नाही आणि शेठनंही विचारलं नाही. घराला मिळालेली रक्कम सत्यभामानं शाळेला द्यायला सांगितली. शाळेनं तिच्यातून बाकं केली आणि त्यांवर कुणाचं नाव घातलं नाही.

नवरा-बायकोचं बोलणं पुन्हा सुरू झालं. जेवलात का, भाजीला ऊन लागतंय, पत्र्याला भोक पडलंय, असलं. तो कधी डंपर लवकर लावून यायचा आणि तिची पाटी उचलून द्यायचा. जाईचा विषय मात्र दोघांपैकी कुणी काढला नाही. काढला असता तर पुन्हा त्या सोमवारपासून मंगळवारपर्यंतच्या दिवसांत जावं लागलं असतं, आणि तिथून बाहेर यायला वाट नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात एके दुपारी खाडीकडच्या एका गावातल्या पाच बायका निळ्या दाराचं घर विचारत आल्या. त्यांच्या खाडीत मासे मरून वर येत होते. त्यांना केस कशी करतात ते हवं होतं. सत्यभामानं त्यांना ओटीवर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं नीट सांगितलं. सगळ्यांचं दुखणं एकच आहे, असं दाखवावं लागतं. एकीचं नाव पुढं लावावं लागतं. पेपरात नोटीस येते. आजच बाटल्या भरून ठेवा, तारीख घालून, लाख लावून, आणि कुणाला देऊन टाकू नका. मुकादम वकिलांचा पत्ता तिनं त्यांतल्या लिहिणाऱ्या पोरीला दोनदा सांगितला.

"वयनी, तुमी व्हता म्हनून तुमच्या गावाला मिलाला सगला," त्यांतली एक म्हणाली. "लय पुन्याचा काम केलाव."

सत्यभामानं मान हलवली. मग त्या बायका आपसांत बोलू लागल्या, नाव कुणाचं लावायचं. एक तरुण बाई कडेवरचं पोर सावरत म्हणाली, माझं लावा, मला कुणाची भीती नाही. सत्यभामा तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिली. नाव लागलं की बाई एकटी स्वतःची राहत नाही, हे सांगायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. बसची वेळ झाली होती. बायका उठल्या, पाया पडल्या, घाईघाईनं निघाल्या. जाईबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, त्यांना ठाऊकच नव्हतं. सत्यभामानंही सांगितलं नाही.